पाऊणपट

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते.
पुनवेला सव्वाअकरा, अष्टमीला सहा.
हे बाबांनी शिकवलं, पाढ्यांच्याही आधी.
पाढे मी मनातच म्हणायचे.
मोठ्यानं म्हणताना जीभ अडायची,
सगळ्यात जास्त 'क'वर,
आणि माझं नाव कुंदा.

पतसंस्थेत एकोणीस वर्षं मागच्या खोलीत.
पासबुकं, व्याजाचे रकाने, फडताळातली वाळवी.
फोन वाजला की मला नेमकी तहान लागायची.
समोरचा माणूस माझं वाक्य पुरं करायचा,
बहुतेक वेळा चुकीचं,
आणि मी मान हलवायचे.
माझी बरीचशी मतं अशी लोकांनीच ठरवली.

डॉक्टर म्हणाले, साखर काठावर आहे, चाला.
चालले महिनाभर.
मग एका पहाटे वरच्या पाटाची पाखाडी उतरून,
पायात भाच्याचे जुने बूट, अंगठ्याशी कापूस कोंबलेला,
कुणी दिसलं नाही म्हणून धावले.
एकशे दहा पावलं. मग बरगडीखाली कळ.
होडीआडून जानू पालशेतकर उठला:
"काय झालं गो? कोण बुडालं?"

कारण गुहागरात बाई किनाऱ्यावर धावते
ती एवढ्याचसाठी.
मला म्हणायचं होतं, कोणी नाही.
क. क. क.
तोवर सदरा वाळूत, जानू कमरेभर पाण्यात,
"कुठशी? कुठशी?"
मी दोन्ही हात हलवत राहिले,
तो आणखी आत.

दुसऱ्या दिवशी जायचं नव्हतं.
गेले.

पुनवेच्या आसपास सहाला वाळू ओली, घट्ट,
थापलेल्या भाकरीसारखी; पाऊल उचलून हातात देते.
अष्टमीला पाणी पार सुरूंच्या मुळाशी,
उरते ती वरची, भुसभुशीत, घोटा गिळणारी.
त्या दिवशी अर्धंच धावायचं,
पण जायचं.
कॅलेंडरवर दुधाच्या खुणांशेजारी माझ्या खुणा.
तापात सहा दिवस गेले,
आळसात एक; तोही लिहून ठेवला.

तीन पावलं श्वास आत, तीन बाहेर.
असगोलीच्या बाजूला एकदा
फिरायला आलेल्या बाईनं रस्ता विचारला.
ती धापा टाकत होती, मीही.
ती तुटक बोलली, मीही तुटक बोलले.
दम लागलेल्या माणसाला
कुणी घाई करत नाही.
हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

मार्च अखेर. कॅशियर बँकेत, शिपाई चहाला.
फोन वाजतोय.
तहान लागली. तरी उचलला.
"ठेवीवर व्याज काय देता हो?"
"प… पा…"
"पाच?"
पायांखाली अष्टमीची वाळू.
"नाही. थांबा. मला पुरं करू द्या."
तिकडं पंखा फिरत होता, ऐकू येत होता.
"पावणेआठ."
"बरं. आपण कोण?"
मी श्वास घेतला, तीन पावलांचा.
"क… क… कुंदा आरेकर."
रिसीव्हर ठेवला तेव्हा कान घामानं ओला,
आणि कुणालाच काही कळलं नव्हतं.
शिपाई म्हणाला, चहा निवला.

जीभ अजून अडते.
शनिवारी तर 'कोथिंबीर' म्हणता म्हणता
बाजार उठायची वेळ आली,
पण आणली कोथिंबीरच. पुदिना नव्हे.

जानू अजून रोज विचारतो,
"आज कोण बुडालं?"
दात काढतो वर.
आज म्हटलं, सांगूनच टाकू.
"क… क…"
तो जाळं सांधत बसला होता.
एक गाठ घातली. दुसरी घातली.
मान वर केली नाही, शब्द पुढे केला नाही.
तिसऱ्या गाठीला मी म्हणाले,
"कोणी नाही."
"मग पळ," तो म्हणाला.

उद्या नवमी. नवाची पाऊणपट पावणेसात.
पाणी वरपर्यंत असणार.
बूट उंबऱ्याशी ठेवलेत,
कापूस बदलून.